मदिनाबींची वरची खोली

लालसाब नदाफ यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून मोठ्यानं बोलावं लागतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते सोलापुरात यंत्रमागावर होते. एका शेडमध्ये ओळीनं माग, पाळीभर त्यांचा खडखडाट, आणि त्यात शेजारच्या कामगाराला काही सांगायचं तर त्याच्या कानाशी जाऊन ओरडायचं. टॉवेल आणि चादरी विणणारा तो कारखाना बंद पडला, तेव्हा लालसाबांचे कान निम्म्याहून जास्त गेले होते आणि उभं राहून राहून गुडघेही धरले होते. आता ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गोदामावर दिवसपाळीचे वॉचमन आहेत. गोदामाच्या मालकाचा फोन आला की मालक काय म्हणाला ते समोरच्या चहाच्या टपरीलाही कळतं, कारण लालसाब समोरच्याचं प्रत्येक वाक्य स्वतः एकदा मोठ्यानं म्हणून खात्री करून घेतात.

त्यांच्या पत्नी मदिनाबी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, खाली मान. या कामात बायका बोलतात पुष्कळ, पण हळू बोलतात. मदिनाबींचा आवाज मुळातच बारीक. त्यामुळं या संसारात एक अडचण पहिल्यापासून होती. मदिनाबी जे बोलतात ते लालसाबांना ऐकू येत नाही, आणि लालसाब जे बोलतात ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं. घरात दखनी, दारात मराठी, दोन्ही भाषांत अडचण तीच.

घर कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढं पत्र्याचं छप्पर. घर मदिनाबींच्या नावावर आहे, कारण विडी कामगार त्या आहेत. खालिद हा त्यांचा एकुलता एक मुलगा, भाड्याची गाडी चालवतो. त्याचं लग्न झालं तेव्हा आतली खोली त्याला आणि यास्मीनला दिली गेली. मदिनाबी स्वयंपाकघरात झोपू लागल्या, विड्यांच्या पाल्याच्या पोत्याशेजारी. लालसाबांची बाज पत्र्याखाली गेली. त्याआधी त्या खोलीत लालसाबांची आई होती, अंथरुणाला खिळलेली, बरीच वर्षं. त्याच्याही आधी दोन नणंदा होत्या. यात कुणाला तक्रार करण्यासारखं काही वाटत नव्हतं. गल्लीतल्या बहुतेक घरांत असंच आहे.

खालिदचा मुलगा रांगायला लागला, तेव्हा वर एक खोली काढायचं ठरलं. विटा येऊन पडल्या. गजांचे तुकडे गच्चीवर चढले. मल्लिकार्जुन हा ओळखीचा गवंडी शनिवारी काम सुरू करणार होता. वरची खोली खालिद आणि यास्मीनची, हे कुणी ठरवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. वरची खोली तरुण जोडप्याची असते. म्हातारी माणसं खाली, दाराजवळ असतात.

मदिनाबींना ती खोली हवी होती. स्वतःसाठी आणि लालसाबांसाठी.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खालिदला सांगावं तर तो यास्मीनला सांगणार. यास्मीन लगेच 'घ्या ना अम्मी' म्हणणार, आणि ते ती मनापासून म्हणते की सासू म्हणाली म्हणून, हे पुढं कधीच कळणार नाही. सुनेच्या तोंडची खोली सासूनं काढली, एवढंच गल्लीत राहील. हा विषय लालसाबांनी काढला तर गोष्ट वेगळी. घरातलं विटा-सिमेंटचं बोलणं तेच करतात. म्हणजे आधी लालसाबांना सांगायला हवं. पण घरात ते कुठं सांगणार? हळू सांगितलं तर त्यांना ऐकू येत नाही. मोठ्यानं सांगितलं तर चुलीपाशी बसलेल्या यास्मीनला आणि भिंतीपलीकडच्या गिरिजाबाईंना त्यांच्या आधी ऐकू जातं.

एकदा त्यांनी प्रयत्न केला होता. लालसाब कामाला निघाले, तेव्हा त्या बस थांब्यापर्यंत सोबत गेल्या आणि रस्त्यात, शक्य तेवढं त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणाल्या, "वरची खोली आपन घ्यावी म्हनते."

"वरची खोली आपन घ्यावी?" लालसाब सवयीनं ओरडले.

समोरून गिरिजाबाई पाण्याची घागर घेऊन येत होत्या. त्या थांबल्या. "काय गं मदिनाबी, कसली खोली?"

"काय न्हाय. भाड्यानं मिळंल का म्हनून इचारत्यात लोक," मदिनाबी म्हणाल्या, आणि परत फिरल्या. लालसाब बसमध्ये चढले आणि ते बोलणं तिथंच विसरले.

शनिवार जवळ येत होता. त्याच आठवड्यात खालिदनं झाडावरच्या हॉटेलचा विषय काढला.

करमाळ्याच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एका जुन्या आमराईत 'पारंबी' नावाचं हॉटेल आहे. झाडांत उंचावर बांधलेल्या लाकडी खोल्या, खाली बाग, समोर पाणी. पुण्या-मुंबईची माणसं पक्षी बघायला येतात, नव्यानं लग्न झालेली जोडपी फोटो काढायला येतात. खालिद तिथं वरचेवर गिऱ्हाईक नेतो. अशा ड्रायव्हरांना वर्षातून एकदा, गर्दी नसलेल्या दिवशी, जोडीनं एक मुक्काम तिथं फुकट मिळतो. खालिदची पाळी आली होती.

"पोराला घेऊन झाडावर?" यास्मीन म्हणाली. "हा बाजेवर ठरत नाही. मी नाही येत."

"मग वाया घालवायचं व्हय?" खालिद म्हणाला. "अब्बा, तुम्ही दोघं जा."

"झाडावर?" लालसाब हसले. "मी काय माकड हाय? नक्को."

सुपावरची मान वर न करता मदिनाबी म्हणाल्या, "मी जाते."

खालिदनं आईकडं पाहिलं. मदिनाबी आजवर स्वतःहून कुठं जाते म्हणालेल्या त्याला आठवत नव्हतं.

"काय म्हनली ती?" लालसाबांनी विचारलं.

"अम्मी जाते म्हणते!" खालिद ओरडला. पलीकडून गिरिजाबाईंच्या घरात हसण्याचा आवाज आला.

गुरुवारी सकाळी खालिदच्या गाडीतून ते निघाले. मदिनाबींनी एका पिशवीत कपडे घेतले आणि दुसऱ्या पिशवीत सूप, दोरा, तंबाखू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली पानं. पानं आदल्या दिवशी कापून झाली होती, ठेवली असती तर वाळली असती. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडीही होती. खालिद म्हणाला, "अम्मी, तिथं जेवण देतात." मदिनाबी म्हणाल्या, "देऊ दे की." मोहोळला चहा झाला. टेंभुर्णी सोडल्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले. गाडीत त्या बोलणार नव्हत्या. खालिदचे कान चांगले आहेत.

हॉटेलच्या फाटकावर जोतिराम भेटला. हॉटेलची सगळी व्यवस्था तोच बघतो. जवळच्याच गावचा, चाळिशीतला, बोलका माणूस. खालिदला टेंभुर्णीहून दुसरं भाडं होतं. उद्या सकाळी न्यायला येतो म्हणून तो निघून गेला.

त्यांची खोली एका वडाच्या झाडात होती. लालसाबांनी खाली उभं राहून ती नीट पाहिली.

"जोतिराम, ही झाडावर कुटं हाय? लोखंडाच्या खांबावर हाय की."

"मामा, झाडावर भार टाकला तर झाड मरतंय. खांब भार घेतात, झाड सावली देतंय."

"मग झाडाचे पैसे कशाला घेता?"

जोतिरामला हे आवडलं असावं. त्यानं त्यांची पिशवी उचलली आणि वळणावळणाच्या लाकडी जिन्यानं पुढं निघाला. लालसाब कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत मागून चढले. "अल्ला," ते प्रत्येक वळणावर म्हणत होते. "गुडघे गेले माझे. परत उतरनार न्हाय मी." मदिनाबी त्यांच्यामागं होत्या.

वर मोठा पलंग, काचेची खिडकी, बाहेर लाकडी ओटा आणि ओट्याच्या फळ्यांतून वर गेलेली वडाची एक जाड फांदी. पलंगावर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या होत्या आणि दोन टॉवेल दुमडून त्यांचे हंस केले होते, माना एकमेकांकडं वळवलेले. मदिनाबींनी ओढणीचा पदर तोंडाला लावला. लालसाबांनी एका हंसाची मान धरून तो सोडवला, किनार दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "सोलापूरचा न्हाय ह्यो."

जोतिरामनं खोली दाखवली. दिव्याचं बटण, पंख्याचं बटण, चहाची किटली. मग एक सरकतं दार बाजूला केलं. आत पांढरं स्वच्छ संडास-बाथरूम होतं.

लालसाबांनी आत डोकावलं, मग पलंगाकडं पाहिलं. दोन्हींत हातभराचं अंतर होतं.

"हे इथंच?"

"व्हय मामा. ॲटॅच्ड हाय."

"झोपायच्या खोलीत?"

"दार लागतंय की त्याला."

"खाली तुमच्या लोकांसाठी आसंल की एखादं."

"हाय, भटारखान्याच्या मागं. पण कशाला एवढं उतरताय?"

"ते मी बघतो," लालसाब म्हणाले. जिथं झोपायचं तिथं संडासाला जायचं, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. त्यांनी चप्पल घातली आणि जोतिरामच्या मागोमाग ते खाली गेले.

मदिनाबींनी ओट्यावर चटई टाकली, भिंतीला पाठ लावली आणि सूप मांडीवर घेतलं. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी होती: येथे धूम्रपान करू नये. चहा घेऊन वर आलेला जोतिराम पाटीखाली थबकला.

"मावशी, हितं विडी चालत न्हाय बघा."

"ओढत न्हाय बाबा. वळते."

जोतिरामनं जरा विचार केला आणि ट्रे ठेवला. ट्रेमध्ये कप, गरम पाणी आणि चहाच्या पुड्या होत्या. लालसाब एव्हाना परत वर आले होते. त्यांनी दोऱ्याला बांधलेली पुडी पाण्यात सोडून वर काढली, परत सोडली. "ह्यो चहा न्हवं," ते म्हणाले. "खाली उकळलेला हाय का?" होता. ते परत खाली गेले. खाली भटारखान्यात चहा घेतला, जोतिरामला मागावरच्या दोन गोष्टी सांगितल्या, आणि एक कप चहा मदिनाबींसाठी हातात धरून वर आले. नमाजची वेळ झाली, तेव्हा वजूसाठी हात-पाय धुवायला खालच्या नळावर गेले. वर येऊन पाहतात तर टोपी खालीच राहिली होती.

ऊन उतरलं. समोर फुगवट्याचं पाणी दूरवर पसरलं होतं, त्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे आणि त्यांवर बसलेले पाणकावळे. लालसाब ओट्यावरच्या खुर्चीत बसले. आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या होत्या. मदिनाबींनी हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला आणि म्हणाल्या, "वरची खोली आपल्याला पायजे."

त्या नेहमीच्या आवाजातच बोलल्या होत्या.

"काय?" लालसाब म्हणाले.

मदिनाबींनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या, कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि लग्नापासून कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला. "वरची खोली आपल्याला पायजे!"

खालून जोतिराम ओरडला, "मावशी, वर एकच खोली हाय! हीच तुमची!"

"तुला न्हाय बाबा!" मदिनाबी खाली वाकून ओरडल्या. "नवऱ्याशी बोलते!"

"बोला, बोला," जोतिराम म्हणाला.

लालसाब त्यांच्याकडं बघतच राहिले होते. "कुठली खोली?"

"घरची. मल्लिकार्जुन काढनार हाय ती."

"ती खालिदची हाय."

"खालिदला खालची बरी. खाली चूल हाय, नळ हाय, मोरी हाय. यास्मीन पोराला काखेत घेऊन पानी वर चढवनार व्हय? पोरगं रांगतंय. जिन्यावरनं पडंल."

"आन मी पडलो मग?"

"तुमी रांगत न्हाय."

लालसाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. हा त्यांचा मुद्दा होता आणि तो त्यांना पक्का वाटत होता. "हे बघ. हे गुडघे बघ माझे. मागावर उभं राहून गेले. रोज जिना कोन चढनार? तू काय मला उचलून नेनार हायस?"

मदिनाबी परत सुपाशी बसल्या. विषय संपला असं लालसाबांना वाटलं. जरा वेळानं ते खाली भटारखान्यामागं जाऊन आले. परत बसतात न बसतात तोच खालून उकळत्या चहाचा वास आला. संध्याकाळचा चहा लालसाबांना लागतोच. ते उठले, उतरले, चहा घेऊन चढले. ओट्यावर आले तेव्हा त्यांचा एक हात कठड्यावर आणि एका हातात कप होता, आणि चहा सांडला नव्हता.

"कुटं गेलता?" मदिनाबींनी विचारलं. आता त्यांना आवाजाची पट्टी सापडली होती.

"खाली. चहाला."

"त्याच्या आधी?"

"ते... खाली."

"त्याच्या आधी टोपीला. त्याच्या आधी वजूला. त्याच्या आधी चहाला. दुपारधरनं वर-खाली, वर-खाली. आन गुडघे कुटं हायेत? कारखान्यात ठेवून आलात काय?"

लालसाब जिन्याकडं वळून बघत म्हणाले, "ह्यो जिना येगळा हाय. पायऱ्या बुटक्या हायेत ह्याच्या. वळनावर थांबाय जागा हाय. धराय कठडा हाय."

"मग असलाच करायला सांगा."

लालसाबांना हे अपेक्षित नव्हतं. ते खुर्चीत बसले, कप खाली ठेवला, कप परत उचलला. शेवटी ते जे बोलले ते त्यांच्या मानानं हळू होतं, म्हणजे जोतिरामला ऐकू गेलं असेल, पण फाटकापर्यंत गेलं नसेल.

"लोक काय म्हनतील?"

"काय म्हनतील?"

"ह्या वयात. पोरगं-सून खाली, आन म्हातारा-म्हातारी वर दार लावून बसल्यात. गल्लीत तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल काय? मशिदीत जावं लागतंय मला."

"दार लावून काय करनार हाय आपन?"

"मला म्हाईत हाय. लोकांना काय म्हाईत?"

"लोकांची एवढी काळजी, आन माझी?" मदिनाबी म्हणाल्या. सूप अजून मांडीवर होतं, हात थांबले होते. "लग्न होऊन आले तवा तुमच्या बहिनी. मग तुमची अम्मा. तिचं सगळं केलं मी, केलं का न्हाय?"

"केलंस."

"मग पोरगं. आता सून, नातू. सगळी चांगली हायेत, मी न्हाय म्हनत न्हाय. पन घर माझ्या नावावर, आन मी आजवर एका दाराला आतनं कडी लावली न्हाय. आन तुमच्याशी जे बोलले, ते तुमी सोडून समद्यांनी ऐकलं."

"मग मोठ्यानं बोलायचं की."

"मोठ्यानं बोलले की यास्मीन घाबरती. तिला वाटतं भांडन लागलं. गिरिजाबाई तव्यावरची भाकर सोडून दारात येती. तुमाला एवढंच सांगायचं होतं, तर मला करमाळ्याला यावं लागलं. झाडावर चढावं लागलं!"

खाली भटारखान्यात एकदम शांतता होती. लालसाबांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. जोतिराम लसूण सोलत बसला होता आणि वर बघायचं कटाक्षानं टाळत होता.

"ऐकलंस काय रे?"

"न्हाय मामा," जोतिराम म्हणाला. "कुत्र्यानं ऐकलं आसंल."

जेवायला पिठलं, वांगं आणि भाकरी होती. मदिनाबींनी ती भाकरी खाल्ली आणि वर आपली कडक भाकरी मोडून चटणीबरोबर खाल्ली. लालसाब गप्पच होते. ते त्यांना सोपं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी पलंगावरच्या पाकळ्या गोळा करून खिडकीत ठेवल्या. त्या रात्री पुढं काही बोलणं झालं का, हे दोघांनीही नंतर कुणाला सांगितलं नाही.

सकाळी मदिनाबींना जाग आली, तेव्हा लालसाब खोलीत नव्हते. खाली गेले असतील, असं त्यांना वाटलं. त्या ओट्यावर आल्या. लालसाब जिन्याच्या मधल्या वळणावर बसले होते. अंगठा आणि करंगळी ताणून ते पायरीची उंची मोजत होते. मग रुंदी. मग एक पायरी खाली सरकून परत उंची. मागावर असताना टॉवेलची लांबी ते अशीच वितीनं बघायचे.

"काय हरवलं मामा?" खालून झाडू मारता मारता जोतिरामनं विचारलं.

"काय न्हाय. पायरी बघतो. समद्या सारख्या हायेत काय?"

"सारख्याच हायेत. उन्नीस-बीस आसंल."

लालसाबांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि लावला. मदिनाबी कठड्याशी उभ्या होत्या. वाकायची गरज नव्हती.

"मल्लिकार्जुन! लालसाब बोलतो! हां, झाडावरच हाय अजून! ऐक. जिना आतनं घेऊ नको. काय? आतनं ठरलंय? ठरलं आसंल, आता बाहेरनं घे, पत्र्याच्या बाजूनं. काय? बाहेरनं जास्त जागा जाती? जाऊ दे. माझी बाज जाती ना तिथली, मग जागाच जागा. आन पायरी बुटकी कर. एक वीत न्हाय, वितीला दोन बोटं कमी. काय? खालिद म्हनला उंच चालतील?" इथं लालसाब थांबले. मान वर करून त्यांनी ओट्याकडं पाहिलं. मदिनाबी तिथं होत्या. त्यांच्याकडं बघतच ते फोनमध्ये ओरडले, "खालिद चढनार न्हाय! मी चढनार हाय! मी आन खालिदची अम्मी!"

पलीकडून मल्लिकार्जुन बराच वेळ काही बोलत होता. या वेळी लालसाबांनी ते मोठ्यानं म्हटलं नाही. "हां, हां," एवढंच म्हणाले. मग, "आन मधे थांबाय एक जागा ठेव. वळनावर." फोन बंद करून ते कठडा धरून वर आले.

"काय म्हनला मल्लू?" मदिनाबींनी विचारलं.

"म्हनला, मामा, झाडावर जाऊन डोकं फिरलं तुमचं."

"मग तुमी काय म्हनला?"

"हां म्हनलो."

मदिनाबींनी चटई झाडली. काल राहिलेली पानं अजून ओली होती. खालिद येईपर्यंत त्यांनी ती सगळी वळून संपवली.

खालिदला ही बातमी गाडीत कळली. फाटक सोडताच लालसाबांनी ती मागच्या सीटवरून सांगितली. टेंभुर्णीला तो आरशात बघत म्हणाला, "मग आम्ही खालीच?"

"खालीच."

"अब्बा, लोक म्हणतील पोरानं आईबापाला गच्चीवर टाकलं."

"म्हनू दे," लालसाब म्हणाले. आदल्या संध्याकाळी हाच प्रश्न त्यांना केवढा मोठा वाटला होता, याची त्यांना आठवण राहिली नसावी. मदिनाबी खिडकीबाहेर बघत होत्या.

"यास्मीनला काय सांगू?"

"मी सांगते," मदिनाबी म्हणाल्या.

त्यांनी ते त्याच दुपारी सांगितलं, यास्मीन पीठ मळत असताना. यास्मीनचे हात परातीत थांबले. तिनं खोलीसाठी पडद्याचं कापड बघून ठेवलं होतं, हे मदिनाबींना तेव्हा कळलं. ते तिला लागलं, आणि दोन-तीन दिवस ती कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी तिनं विचारलं, "अम्मी, नळ खालीच राहणार ना?"

"नळ कुटं जातोय?"

"आणि तुमची पाल्याची पोती?"

"ती वर येतील माझ्यासंगं."

यास्मीननं स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्याकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिथं पोती होती आणि भातालासुद्धा तंबाखूचा वास येतो, असं ती माहेरी एकदा म्हणाली होती. "मग तिथं मला कपाट लागेल," ती म्हणाली. "आणि ते पडद्याचं कापड वरच्या खिडकीला लावा. खालच्या खिडकीला ते लहान पडतंय." दुसऱ्या दिवशी कपाटाची मापं घ्यायला तिनंच खालिदला पिटाळलं.

पावसाळा संपला तशी खोली पुरी झाली. दहा बाय दहा, दोन खिडक्या, वर पत्रा. स्लॅब परवडला नाही. जिना बाहेरून, पत्र्याच्या बाजूनं गेला आहे. पायऱ्या बुटक्या आहेत, त्यामुळं त्या जास्त झाल्या आणि जिना लांबला. त्याचं शेवटचं टोक गिरिजाबाईंच्या न्हाणीच्या भिंतीला जेमतेम चिकटायचं राहिलं. गिरिजाबाई त्यावरून मल्लिकार्जुनशी भांडल्या आणि अजूनही मधूनमधून भांडतात. लालसाबांना टपरीवर कुणी तरी विचारलंच, "मामा, पोरानं वर चढवलं म्हणे तुम्हाला?" ते म्हणाले, "पोरगं कोन चढवनार? बायकोनं चढवलं." टपरी हसली, आणि ते तिथंच संपलं.

खोलीत सगळंच सोयीचं आहे असं नाही. एप्रिलमध्ये पत्रा एवढा तापतो, की दुपारी वर पाय ठेववत नाही. तेव्हा दोघंही खालीच असतात. मदिनाबी उंबऱ्यात बसून विड्या वळतात, नातू सुपातली पानं पळवतो, यास्मीन त्याच्यामागं धावते. पावसात जिन्यावर शेवाळ येतं, म्हणून लालसाबांनी पायऱ्यांवर जुन्या टायरचे तुकडे ठोकले आहेत. थंडीत मात्र खोली चांगली असते. उन्हाळ्यात ऊन उतरलं की लालसाब पत्र्यावर दोन बादल्या पाणी मारतात, मग दोघं वर जातात. वरून त्यांचे आवाज गल्लीत ऐकू येतात. दोन्ही आवाज मोठे असतात, कारण मदिनाबींचाही आता मोठा झाला आहे. शब्द मात्र लागत नाहीत, वाऱ्यानं पलीकडं जातात. याचा त्रास सगळ्यांत जास्त गिरिजाबाईंना होतो.

परवा दोघी शेजारणी सोबत विडी कारखान्यात विड्या द्यायला निघाल्या होत्या. गिरिजाबाईंना राहवलं नाही.

"मदिनाबी, खरं सांग. रोज वर जाऊन काय करता गं दोघं?"

"भांडतो," मदिनाबी म्हणाल्या. "खाली कुटं जमत होतं?"